झिजावे कोणी? : साधनाचा क्षय आणि कर्त्याचा धर्म

आपल्या वाट्याचे काम नीट करणे हीच ईश्वराची पूजा, हा विचार मराठी मनात खोल मुरलेला आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात स्वकर्मात रमलेला मनुष्य त्या कर्मानेच परमतत्त्वाची अर्चना करतो आणि सिद्धीला पोचतो, असे प्रतिपादन येते. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवाशाला पूर्ण केलेल्या टीकेत याच स्थळी स्वकर्माला पूजेच्या फुलांचे रूप दिले. आणि सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी यांच्या चरित्रकथांनी तो विचार मळ्यात, चाकावर, मुशीत आणि वस्तऱ्यात उतरवून दाखवला. तथापि या विचाराच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो फारसा कोणी उघडून पाहिलेला नाही. प्रत्येक कर्मात काही ना काही खर्ची पडते: साधन झिजते, ज्यावर काम होते ती वस्तू झिजते आणि काम करणाऱ्याचे शरीरही झिजते. कर्म जर पूजा असेल, तर या तिघांपैकी कोणी किती झिजावे याला काही धर्म आहे की नाही, आणि असल्यास तो कोणी पाळायचा?

हा प्रश्न सर्वांत उघडपणे उभा राहतो तो ज्या कर्माचा स्वभावच झीज आहे अशा कर्मात, म्हणजे कठीण धातू घासण्याच्या कामात. म्हणून प्रस्तुत विवेचनासाठी सिंगापूरच्या जहाजगोद्या आणि तेथील अँगल ग्राइंडरवर, म्हणजे हातात धरून धातू घासण्याच्या यंत्रावर, फिरणारी फ्लॅप डिस्क यांचा आधार घेतला आहे. विषय यंत्रशाळेतला दिसला तरी प्रश्न धर्माचाच आहे. आणि धर्मविचाराची कसोटी शेवटी अशा धुळीच्या व ठिणग्यांच्या जागीच लागते.

गोदी आणि तिचे पोलाद

सिंगापूर बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सेम्बवांग येथे ब्रिटिशांनी उभारलेल्या नौदल तळावरची ‘किंग जॉर्ज सहावा’ ही सुकी गोदी, म्हणजे पाणी उपसून जहाज कोरडे करता येईल अशी गोदी, फेब्रुवारी १९३८ मध्ये खुली झाली. ब्रिटिशांनी आपले सैन्य मागे घेण्याचे ठरवल्यावर १९६८ मध्ये ही गोदी सिंगापूर सरकारकडे आली आणि तिथे व्यापारी जहाजांच्या दुरुस्तीचा उद्योग सुरू झाला. पश्चिमेकडे जुरोंगला १९६३ पासून गोदी आकाराला येत होती, आणि पुढे हा उद्योग तुआसच्या भरावाच्या जमिनीपर्यंत पसरला. २०२३ मध्ये केपेल समूहाचा जहाजबांधणी व्यवसाय आणि सेम्बकॉर्प मरीन ही कंपनी एकत्र येऊन ‘सीट्रियम’ ही कंपनी झाली. या गोद्यांत प्रत्यक्ष हात चालवणारे कामगार मोठ्या संख्येने तामिळनाडू, आंध्र, केरळ, बांगलादेश, चीन, म्यानमार अशा दूरच्या प्रदेशांतून आलेले असतात. नौदल तळावरील भारतीय कामगारांच्या श्रद्धेतून सेम्बवांगला उभे राहिलेले बालसुब्रमणियर मंदिर पुढे जवळच्या यिशुन भागात हलले आणि आजही तिथे नांदते आहे. कर्म आणि पूजा यांचा संबंध या गोद्यांना अपरिचित नाही, याची ही साक्ष म्हणता येईल.

या गोद्यांनी जगभर नाव कमावले ते विशेषतः ‘जॅक-अप रिग’ या प्रकारच्या बांधणीत. समुद्रतळावर लांबलचक पाय रोवून आपले सारे अंग लाटांच्या वर उचलून धरणारा तेलविहिरीचा मंच म्हणजे जॅक-अप रिग. त्याच्या पायांसाठी जे पोलाद वापरतात ते तापवून, झटक्यात थंड करून आणि पुन्हा बेताने तापवून कणखर केलेले असते. साधे जहाजाचे पोलाद सुमारे २३५ मेगापास्कल ताणाला कायमचे वाकू लागते, तर हे पोलाद ६९० मेगापास्कलपर्यंत तग धरते, म्हणजे जवळपास तिप्पट. शिवाय खाऱ्या पाण्याच्या नळ्यांसाठी गंजरोधक स्टेनलेस पोलादाचे कडक प्रकार आणि अतिउष्ण जागी निकेलचे मिश्रधातू येतात. हे सर्व धातू वेल्डिंगने जोडले जातात, आणि वेल्डिंगचा उंचवटा जिथे मूळ पत्र्याला मिळतो तिथे एक बारीकशी खाच उरते. लाटांचा मारा अहोरात्र चालू असल्याने ताण या खाचेत एकवटतो आणि पुढे तडा जाण्याची सुरुवात बहुधा तिथेच होते. ती खाच घासून सपाट, ओघवती करणे हे ग्राइंडिंग करणाऱ्या कामगाराचे काम. समुद्रात उभ्या राहणाऱ्या हजारो टनांच्या सांगाड्याचे आणि त्यावर वस्तीला असणाऱ्या माणसांचे आयुष्य अशा रीतीने मनगटाएवढ्या रुंदीच्या एका पट्ट्यावर अवलंबून असते.

मोडणाऱ्या कणाचे शास्त्र

फ्लॅप डिस्क म्हणजे काचतंतूंच्या किंवा प्लास्टिकच्या तबकडीवर घर्षक कापडाच्या पट्ट्या एकीवर एक चढवून चिकटवलेले चाक. कापडावर राळेने बसवलेले टणक कण धातूचे सूक्ष्म कीस काढतात. वरचे कण संपले की पट्टीची कड झिजते आणि खालून ताज्या कणांचा थर वर येतो. या चाकाचे सारे गुणावगुण मुख्यतः कणाच्या जातीवर ठरतात, आणि कणाची योग्यता ठरते ती तो किती टणक आहे यापेक्षा तो कसा मोडतो यावरून.

सर्वांत परिचित कण अॅल्युमिनियम ऑक्साइडचा, म्हणजे भट्टीत वितळवून तयार केलेल्या कुरुंदाचा. खनिजांच्या टणकपणाच्या दहा पायऱ्यांत कुरुंद नवव्या पायरीवर आहे, हिऱ्याच्या लगोलग खाली. तरीही साध्या पोलादावर उत्तम चालणारा हा कण कडक मिश्रधातूवर लवकर बोथट होतो, कारण त्याची टोके मोडण्याऐवजी घासून गोल होतात. दुसरी जात झिर्कोनिया मिसळलेल्या अॅल्युमिनाची. हा कण पुरेशा दाबाखाली तडकतो आणि तडकताना नवी धार उघडी करतो, म्हणून स्टेनलेस व कणखर पोलादासाठी तो योग्य ठरतो. मात्र दाब अपुरा पडला तर तोही मोडत नाही आणि नुसताच गुळगुळीत होतो. तिसरी जात सिरॅमिक अॅल्युमिनाची. १९८०च्या दशकात बाजारात आलेला हा कण वितळवून नव्हे, तर द्रवातून घट्ट होत जाणाऱ्या जेलला भाजून घडवतात, त्यामुळे त्याच्या आतले स्फटिक एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, लहान असतात. तो मोठ्या तुकड्यांत न फुटता किंचित किंचित झडत राहतो आणि दर वेळी तीक्ष्ण कड पुढे करतो. म्हणून पुरेशा शक्तीच्या ग्राइंडरवर निकेल मिश्रधातू किंवा कणखर पोलाद घासताना तो अधिक काळ व तुलनेने थंड चालतो. सिलिकॉन कार्बाइडचा कण कुरुंदाहूनही टणक, पण लोखंडाशी तापलेल्या अवस्थेत त्याची रासायनिक झीज होते, म्हणून त्याचे क्षेत्र टायटॅनियम, लोखंडविरहित धातू आणि दगड हे होय. टणकपणाची स्पर्धा जिंकणारा कण पोलादापुढे हरतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कणाच्या आकाराला ग्रिट म्हणतात आणि आकडा वाढला की कण बारीक होतो: वेल्डचा उंचवटा उतरवायला ३६ किंवा ४०, दोन पृष्ठभाग एकमेकांत मिसळायला ६०, आणि शेवटच्या सफाईला ८० ते १२०. डिस्कचा आकारही दोन प्रकारचा असतो. सपाट डिस्क पृष्ठभागाशी शून्य ते पंधरा अंशांच्या कोनात धरून सफाईसाठी वापरतात. शंकूसारखी किंचित उतरती डिस्क पंधरा ते पंचवीस अंशांत धरली की अधिक धातू उतरवते.

या सर्व तपशिलातून एक तत्त्व निघते, आणि पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे. घर्षणातली झीज टाळता येत नाही. ती फक्त जागा बदलते. कण वेळेवर मोडला तर झीज डिस्कमध्ये राहते. तो मोडला नाही, तर तीच झीज धातूत उष्णता होऊन शिरते आणि कामगाराच्या अंगात श्रम होऊन उतरते: बोथट डिस्क कापत नाही म्हणून तो अधिक जोर लावतो, मनगटाला अधिक वेळ कंप सोसावा लागतो, कानाला अधिक वेळ आवाज सोसावा लागतो. ज्याच्यासाठी झिजणे हाच स्वभाव आहे त्याने झिजण्याचे नाकारले, की ज्याने झिजू नये तो झिजू लागतो.

तामस कर्माची चार मापे

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगताना तामस कर्माचे जे लक्षण दिले आहे, ते या संदर्भात फार मोलाचे आहे. अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चार गोष्टींचा विचार न करता केवळ मोहाने आरंभलेले कर्म तामस, असे तेथे म्हटले आहे. कर्मयोगाची चर्चा करताना फलाची आसक्ती सोडण्यावर सर्वांचा भर असतो, आणि त्यामुळे परिणामाचा विचार करणेच जणू आध्यात्मिक दृष्ट्या हीन आहे असा समज रूढ होतो. परंतु फळाची लालसा आणि परिणामाचे भान या भिन्न गोष्टी आहेत. पहिली सोडायला सांगणारी गीताच दुसरे नसलेल्या कर्माला तामस ठरवते.

अनुबंध म्हणजे कर्माच्या मागून येणारा परिणाम. साध्या पोलादावर वापरलेली डिस्क स्टेनलेसवर फिरवली तर लोखंडाचे सूक्ष्म कण त्यात रुततात, आणि सिंगापूरच्या दमट, खाऱ्या हवेत काही दिवसांत न गंजणाऱ्या धातूवर गंजाचे ठिपके उमटतात. म्हणून स्टेनलेससाठी लोह, गंधक व क्लोरीन यांपासून मुक्त अशी वेगळी डिस्क राखून ठेवावी लागते. डिस्क एकाच जागी रेंगाळली तर स्टेनलेसवर निळसर-तपकिरी छटा येते आणि तिच्याखालच्या थरातले संरक्षक क्रोमियम कमी झालेले असते. कणखर पोलाद अति तापले तर भट्टीत मिळवलेला त्याचा गुण त्या जागी बिघडतो. घासण्याच्या रेघा ताणाच्या दिशेला आडव्या पडल्या तर खाच बुजवण्याच्या खटाटोपात नव्या बारीक खाचा तयार होतात. यांतला कोणताही दोष काम झाल्या क्षणी डोळ्यांना नीट दिसत नाही. तो काही वर्षांनंतर, दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला येतो. अनुबंधाचे सर्वांत दारुण रूप सिंगापूरने १२ ऑक्टोबर १९७८ रोजी पाहिले. जुरोंगच्या गोदीत दुरुस्तीला आलेल्या ‘स्पायरॉस’ या ग्रीक तेलवाहू जहाजावर स्फोट होऊन ७६ माणसे मृत्युमुखी पडली. टाकीत साचलेली ज्वालाग्राही वाफ धातू कापण्याच्या ज्योतीच्या ठिणग्यांनी पेटली, असे चौकशीत निष्पन्न झाले. ठिणगी उडवणाऱ्या प्रत्येक कामापूर्वी, आणि त्यात ग्राइंडिंगही आले, टाकीतली हवा तपासून लेखी परवाना घेण्याची शिस्त किती जीवनमरणाची आहे, हे त्या दिवसाने दाखवून दिले. बंद टाकीत ठिणगी पाडण्यापूर्वी हवा तपासणे हे अनुबंधाचे भान नसेल तर दुसरे काय आहे?

क्षय या पदाचा अर्थ शंकराचार्यांच्या भाष्यात दुहेरी दिला आहे: शक्तीचा क्षय किंवा अर्थाचा, म्हणजे धनाचा, क्षय. या दुहेरी अर्थातच प्रस्तुत प्रश्नाचे मर्म आहे. सिरॅमिक कणाची डिस्क साध्या डिस्कपेक्षा बरीच महाग मिळते. खरेदीच्या कागदावर हा अर्थक्षय आकड्यांत उमटतो, परंतु स्वस्त डिस्क दाबत राहिल्याने होणारा शक्तिक्षय कोणत्याच कागदावर उमटत नाही. तो कामगाराच्या खांद्यात, बोटांत आणि कानांत साठतो आणि बहुधा तो मायदेशी परतल्यावर प्रकट होतो. अर्थाचा क्षय वाचवण्यासाठी शक्तीचा क्षय पत्करणे, आणि तोही दुसऱ्याच्या शक्तीचा, याला काटकसर म्हणता येणार नाही. ते एका माणसाचे देणे दुसऱ्याच्या शरीरातून फेडणे आहे.

हिंसा म्हणजे जिवाला होणारी इजा. फिरत्या डिस्कमधून उडणारे तप्त कण डोळ्यात जातात, म्हणून चष्मा आणि त्यावर चेहऱ्याची ढाल अशी दोन आवरणे लागतात; स्टेनलेसच्या धुळीत क्रोमियम व निकेल असते, म्हणून श्वासमार्गाला गाळणी लागते; कंपाच्या दीर्घ सवयीने बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसून बोटे पांढरी व बधिर पडण्याचा विकार जडतो. ही हिंसा कोणी कोणावर रागाने करत नाही, आणि म्हणूनच ती हिंसा म्हणून ओळखली जात नाही. हेतूत द्वेष नसला तरी बेपर्वाई असू शकते, आणि तामस कर्माच्या लक्षणात मोह हा शब्द नेमका याच बेपर्वाईसाठी आहे.

पौरुष म्हणजे सामर्थ्य. आरंभलेले काम पेलण्याची शक्ती आहे की नाही याचा विचार. डिस्कला तिचे सामर्थ्य छापील आकड्यात दिलेले असते. १२५ मिलिमीटरची डिस्क मिनिटाला सुमारे १२,२०० फेऱ्यांपर्यंत चालवता येते, म्हणजे तिची कड सेकंदाला ८० मीटर धावते. १८० मिलिमीटरच्या डिस्कला ही मर्यादा सुमारे ८,५०० फेऱ्यांवरच येते. लहान, वेगवान यंत्राची ढाल काढून त्यावर मोठी डिस्क चढवली आणि ती १२,००० फेऱ्या फिरली, तर तिच्या कडेचा वेग ११३ मीटर होतो आणि तिच्या अंगावरचा ताण दुप्पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. अशी डिस्क फुटली तर तो अपघात नव्हे, तर पौरुषाचा विचार न केल्याचे फळ. माणसाच्या सामर्थ्यालाही आकडा आहे. सिंगापूरच्या नियमांत आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा ८५ डेसिबल आहे आणि दर तीन डेसिबलला सोसण्याचा काळ निम्मा होतो. ९५ डेसिबलला तो पाऊण तासावर येतो. डिस्कवरचा आकडा सगळे मानतात, कारण तो मोडला तर ती तत्काळ फुटते. माणसाचा आकडा ओलांडला जातो, कारण माणूस सावकाश फुटतो.

याच प्रकरणात राजस कर्माचे लक्षण सांगताना अहंकाराने व अतिशय आयासाने केलेले कर्म असा निर्देश येतो. ग्राइंडरवर सारा भार टाकून, दात आवळून घासणाऱ्या नवख्याचे काम हे त्याचे यथार्थ उदाहरण ठरेल. जाणता कारागीर नेमका कण निवडतो, योग्य कोन धरतो, कणाला मोडण्याइतकाच दाब देतो आणि डिस्क सतत पुढे-मागे सरकवत ठेवतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात योगाला कर्मातले कौशल्य म्हटले आहे, त्याचा अर्थ हस्तकौशल्य असा घेणे पूर्वाचार्यांना मान्य नव्हते. समत्वबुद्धीमुळे कर्माचा बंधक स्वभाव नाहीसा होतो, हे त्यांच्या मते ते कौशल्य. तरीही समत्व म्हणजे काय याचा दृश्य नमुना हवा असेल, तर कमी नाही आणि जास्त नाही असा दाब देणाऱ्या हाताकडे पाहावे.

चंदन आणि खाटकाचा सुरा

या मांडणीवर दोन बाजूंनी आक्षेप संभवतात. पहिला मराठी परंपरेतूनच येतो. चंदनासारखे झिजावे आणि इतरांना सुगंध द्यावा, हा आपल्याकडे थोर जीवनाचा आदर्श मानला गेला आहे. मग कर्त्याने झिजू नये असे म्हणणे म्हणजे त्यागाचेच अवमूल्यन नव्हे काय? याचे उत्तर असे, की त्याग ही ज्याची वस्तू त्यानेच करावयाची गोष्ट आहे. साधुपुरुष स्वतःच्या आयुष्याचे चंदन स्वतः उगाळतो, कशासाठी उगाळतो हे जाणून उगाळतो, आणि हवे तेव्हा थांबण्याचे स्वातंत्र्य त्याला असते. परदेशातल्या गोदीत, डोक्यावर कर्ज आणि परवान्याची मुदत घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या हाती बोथट डिस्क देऊन त्याच्या झिजण्याला त्याग म्हणणे हा त्या आदर्शाचा अपमान आहे. खुद्द गीतेच्या सतराव्या अध्यायात दंभाने व हट्टाने शरीरातल्या भूतसमुदायाला कष्टवणाऱ्या तपाची निंदा केली आहे, आणि अशा तपाने अंतर्यामी असलेल्या ईश्वरालाही पीडा होते असे म्हटले आहे. स्वेच्छेने केलेला देहक्षयही जिथे आपोआप पुण्य ठरत नाही, तिथे लादलेला देहक्षय पुण्य कसा ठरेल?

दुसरा आक्षेप सिंगापूरच्या बहुसंख्य चिनी समाजाच्या वारशातून मांडता येतो. च्वांग-त्झु या प्राचीन चिनी तत्त्वचिंतकाच्या ग्रंथात तिंग नावाच्या खाटकाची कथा आहे. सामान्य खाटीक दर महिन्याला सुरा बदलतो, चांगला खाटीक वर्षाला बदलतो, पण तिंगचा सुरा एकोणीस वर्षे तसाच धारदार राहिला, कारण तो हाडांवर न आदळता सांध्यांमधल्या मोकळ्या जागेतून फिरत असे. या दृष्टीने साधन न झिजू देणे हीच श्रेष्ठ कला ठरते आणि झिजण्यासाठीच घडवलेली डिस्क हे कनिष्ठ साधन ठरते. परंतु सांधे असलेल्या वस्तूला जो न्याय लागू आहे तो सांधा बुजवण्याच्या कामाला लागू होत नाही. वेल्डच्या कडेवर शिरायला मोकळी जागा नसते. त्याहून महत्त्वाचे हे, की ती कथा ज्या प्रकरणात येते त्याचा विषय सुऱ्याचे जतन हा नसून जीवनाचे जतन हा आहे, आणि तिंगचे बोलणे ऐकून कथेतला राजा म्हणतो तेही हेच, की जीवनाचे पोषण कसे करावे हे आपल्याला कळले. तिंगने सुरा राखला तो स्वतःला न शिणवणाऱ्या कामाचा परिणाम म्हणून. फ्लॅप डिस्क वापरणाऱ्याने डिस्क खर्च करून स्वतःला राखले, तर वाट वेगळी असली तरी मुक्काम तोच आहे.

तन्मयता आणि अवधान

आणखी एक शंका भक्तीच्या बाजूने उरते. तेरच्या गोरोबाकाकांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे: नामात तल्लीन होऊन चिखल तुडवताना रांगत आलेले मूल पायाखाली आले आणि ते त्यांना कळलेही नाही. परंपरेने या कथेत भक्तीची पराकाष्ठा पाहिली. पण परंपरेने ती कथा तिथेच संपवलेली नाही हेही विसरू नये. मुलाच्या आईचा आक्रोश तिने गाळला नाही, आणि विठ्ठलाच्या कृपेने मूल परत मिळाल्याखेरीज कथेला तृप्त होऊ दिले नाही. चिखलाखाली गेलेल्या जिवाची भरपाई झाल्याशिवाय तन्मयता पूर्ण होत नाही, ही जाणीव कथेच्या रचनेतच आहे. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता-प्रवचनांत बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड मिळण्याला विकर्म म्हटले आणि त्या जोडीतूनच कर्माचे ओझे हलके होऊन ते अकर्म बनते असे सांगितले. ग्राइंडरवर उभ्या माणसाच्या बाबतीत मनाची ही जोड म्हणजे अवधान: नवी डिस्क चढवण्यापूर्वी तिला तडा आहे का ते पाहणे, ढाल जागेवर ठेवणे, क्षणभर मोकळी फिरवून पाहणे, ठिणग्यांच्या वाटेत दुसरा कोणी उभा नाही याची खात्री करणे. कर्मात बुडालेला पण भोवतालच्या जिवाला न विसरलेला, असा भक्त या कामाला हवा.

लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्माची नैतिक योग्यता बाह्य परिणामांच्या बेरजेपेक्षा कर्त्याच्या शुद्ध बुद्धीवर ठरते, असा सिद्धान्त मांडला. वरकरणी तो येथील विवेचनाला छेद देणारा वाटतो, कारण येथे परिणामांचाच विचार अधिक झाला आहे. पण शुद्ध बुद्धी म्हणजे अजाण बुद्धी नव्हे. सर्वांभूती समान पाहणारी बुद्धी ज्याच्या ठिकाणी स्थिर झाली, त्याला मनगटाचा कंप आणि खरेदीच्या पावतीवरचा आकडा यांपैकी एकच दिसावा हे शक्य नाही. कोणती डिस्क निवडली यावरून निवडणाऱ्याची बुद्धी कशी आहे हे पारखता येते, कारण निवड हे बुद्धीचे बाहेर दिसणारे रूप आहे.

पूजा कोणाची, कर्ता कोण

आश्विन शुद्ध नवमीला महाराष्ट्रात खंडेनवमी म्हणून शस्त्रांची व अवजारांची पूजा होते. तामिळ समाजात त्याच दिवशी आयुधपूजा होते. बंगालकडचे कारागीर सप्टेंबरमध्ये विश्वकर्म्याची पूजा करतात. या पूजांत ग्राइंडरला हळदकुंकू लागते, फूल वाहिले जाते, पण त्यावरच्या डिस्ककडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण ती उद्या टाकून द्यायची वस्तू असते. साधनाच्या पूजेचा अर्थ जर त्याच्या स्वभावाला ओळखणे हा असेल, तर मात्र डिस्कचीही पूजा आहे आणि ती वर्षभर चालते: तिच्यासाठी योग्य धातू, योग्य वेग, योग्य कोन निवडणे, तिला पूर्ण झिजू देणे, आणि पट्ट्या संपून तबकडी उघडी पडू लागली की काटकसरीच्या मोहाने आणखी एक वेल्ड न घासता ती बाजूला ठेवणे. ज्याचा धर्म झिजणे आहे त्याला पुरेपूर झिजू देणे हा त्याचा सन्मान आहे.

मग ही पूजा करणारा कर्ता कोण? गीतेने कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधारे कर्म घडते ते, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव, आणि त्यापुढे लगेच असे म्हटले आहे, की पाच कारणे असताना जो केवळ एकट्यालाच कर्ता समजतो त्याची बुद्धी अपुरी आहे. हे वचन बहुधा अहंकार सोडण्याचा उपदेश म्हणून वाचले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्याची एक दुसरी बाजू आहे जी दोषारोपाला लागू होते. डिस्क फुटून कोणी जखमी झाला की कामगार निष्काळजी होता एवढे म्हणून प्रकरण मिटवण्याकडे जगातल्या सर्व कारखान्यांचा कल असतो. तिथेही पाच कारणांतल्या एकालाच कर्ता मानण्याची तीच चूक होते. डिस्क कोणी विकत घेतली, कोणी पुरवली, ढाल काढू कोणी दिली, कामाची घाई कोणी लावली, हे सर्व त्या कर्माचे घटक आहेत. सिंगापूरच्या २००६च्या कार्यस्थळ सुरक्षा व आरोग्य कायद्यात मालक, जागेचा ताबेदार, यंत्रांचा पुरवठादार आणि कामगार अशा अनेकांवर कर्तव्ये वाटून दिली आहेत, आणि धोका शक्यतो मुळाशीच नाहीसा करावा हे तत्त्व त्याखालच्या नियमांत आहे. कायद्याची भाषा वेगळी असली तरी कर्तृत्व एकट्याचे नसते ही दृष्टी दोन्हीकडे समान आहे.

म्हणून स्वकर्म ही पूजा आहे या विचाराचा विस्तार ज्याच्या हाती ग्राइंडर आहे त्याच्यापाशी थांबवता येत नाही. ज्याच्या हाती मागणीपत्र आहे, त्याचे स्वकर्म मागणीपत्रावर सही करणे हे आहे, आणि त्या सहीत अनुबंध, क्षय, हिंसा व पौरुष यांचा विचार नसेल, तर गोदीतल्या माणसाने कितीही भक्तिभावाने काम केले तरी ते सारे कर्म तामसाच्या छायेतून बाहेर येत नाही. संतांनी कष्टकऱ्याला सांगितले, की तुझे काम तुच्छ नाही, त्यातच देव आहे. हा दिलासा खरा आहे, आणि खरा असल्यामुळेच तो काम करवून घेणाऱ्यावर ऋण चढवतो. ज्याच्या कामात देव आहे त्याच्या शरीराला घासून पैसा वाचवण्याचा अधिकार कोणालाही राहत नाही. तो पैसा डिस्कवर खर्च करावा, आणि झिजायचे काम तिच्याकडेच राहू द्यावे.